ताशीं ४५ मैल : लष्करी मालमोटारींचा वेग व त्यावरील पहारा

मोटारींत पुढच्या बैठकीवर मूल बसलें कीं त्याची नजर रस्त्याकडे जाण्यापूर्वीं चालकासमोरच्या तबकडीकडे जाते. कांटा कोणत्या आंकड्यावर आहे हें पाहून होतें न होतें तोंच दुसरा प्रश्न येतो, "शेवटचा आंकडा एकशेऐशीं आहे, म्हणजे आपली गाडी तेवढी धांवते का?" वडील मंडळी बहुधा "हो" म्हणून मोकळी होतात. वस्तुतः तबकडीवरचा शेवटचा आंकडा हा तबकडी करणाऱ्याच्या सोयीचा असतो. गाडी त्या वेगानें धांवूं शकेल कीं नाहीं, आणि धांवलीच तर वेळेवर थांबेल कीं नाहीं, याविषयीं तो कांहींच सांगत नाहीं. हा प्रश्न ज्यांना फार काटेकोरपणें सोडवावा लागला ते लोक म्हणजे लष्करी मालमोटारी बांधणारे व चालविणारे. त्यांनीं त्याचें उत्तर पत्र्यावर उमटवून चालकाच्या डोळ्यांसमोर ठोकून ठेवलें होतें. आणि तरीहि एका मोठ्या प्रसंगीं शेंकडों चालकांनीं तें उत्तर जाणूनबुजून बाजूस सारलें. तो प्रसंग व त्यामागचें यंत्रशास्त्र आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याचा सारा संसार ज्याच्या पाठीवर होता तो ट्रक जनरल मोटर्सचा. कारखान्याच्या सांकेतिक भाषेंत त्याचें नांव सीसीकेडब्ल्यू. शिपायांच्या तोंडीं तो नुसता 'जिमी'. त्याला तीन आंस असून तिन्ही आंसांना इंजिनाचा जोर पोंचविण्याची सोय होती. असे ट्रक पांच लाखांवर निघाले. इंजिन सहा सिलिंडरांचें आणि सुमारें शंभर अश्वशक्तीचें, म्हणजे आजच्या मध्यम घरगुती मोटारीच्या इंजिनाहून फारसें मोठें नव्हे. नांवानें हा अडीच टनी ट्रक. पण अडीच टन हें ओझें शेतां-मळ्यांतून व चिखलांतून जाण्यासाठीं ठरविलेलें. पक्क्या सडकेवर त्याच्यावर पांच टनांपर्यंत माल चढवीत. त्याचा अधिकांत अधिक वेग होता ताशीं ४५ मैल, म्हणजे सुमारें ७२ किलोमीटर. समोरच्या पत्र्याच्या पट्टीवर एवढा एकच आंकडा नसे. कोणत्या गिअरमध्यें किती मैलांच्या वर जाऊं नये याचें कोष्टकच तीवर असे.

शंभर अश्वशक्तीचें इंजिन असतां मर्यादा पंचेचाळीसच कां, असें तरुण वाचक विचारतील. त्याचें एक कारण गिअरांत आहे. चिखलांतून भार ओढण्यासाठीं चाकाला जोर हवा. जोर हवा तर वेग सोडावा लागतो. मोटेला जुंपलेल्या बैलांकडून कोणी टांग्याच्या चालीची अपेक्षा करीत नाहीं. परंतु दुसरें कारण आम्हांला अधिक महत्त्वाचें वाटतें. भरलेला जिमी नऊ-दहा टनांच्या घरांत जातो. धांवत्या वस्तूच्या अंगीं जी शक्ति सांठते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं २५ मैलांचे ५० झाले म्हणजे ती दुप्पट नव्हे, चौपट होते. ही सारी शक्ति शेवटीं ब्रेकांच्या लहानशा पट्ट्यांनीं घासून-घासून उष्णतेच्या रूपानें उधळून टाकावयाची असते. तेव्हां मालमोटारीचा खरा कमाल वेग इंजिन ठरवीत नसून ब्रेक ठरवितो. पट्टीवरचा आंकडा म्हणजे ट्रक कितीपर्यंत पळूं शकेल याची फुशारकी नव्हे. कितीपर्यंत पळून सुखरूप थांबूं शकेल याची ती कबुली होय.

आतां हा वेग चालकाला कळतो कसा? आजकाल पुष्कळ गाड्यांत हें काम विजेच्या सूक्ष्म उपकरणांनीं होतें. परंतु लष्करी ट्रकांत कित्येक दशकें जी युक्ति चालली ती इतकी सुबक आहे कीं ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बर्लिनमध्यें ऑटो शुल्झे यानें १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें. गिअरच्या पेटीमागें, चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याला, लवचिक तारेचें एक टोंक जोडलेलें असतें. ही तार नळींतून वेटोळत तबकडीच्या पाठीमागें येते आणि तेथें एक लहानसा लोहचुंबक गरगर फिरविते. चुंबकाभोंवतीं ॲल्युमिनियमचा एक प्याला पालथा घातलेला असतो. चुंबकाचा आणि प्याल्याचा स्पर्श कोठेंहि होत नाहीं. ॲल्युमिनियमला चुंबक ओढीतहि नाहीं. तरीसुद्धां चुंबक फिरूं लागला कीं प्यालाहि त्याच्यामागें फिरूं पाहतो.

ताक घुसळतांना रवी भांड्याला न लागतां मधल्यामध्यें फिरत असते. पण भांडें हातानें धरून न ठेवलें तर तेंहि रवीबरोबर वळूं लागतें, कारण मधलें ताक ओढ पोंचवितें. येथें ताकाच्या जागीं विद्युत् आहे. फिरत्या चुंबकामुळें प्याल्याच्या धातूंत विजेचे भोंवरे उत्पन्न होतात आणि त्या भोंवऱ्यांवर चुंबकाची ओढ लागते. चुंबक जितका वेगानें फिरेल तितकी ओढ अधिक. प्याल्याला मात्र घड्याळांतल्यासारखी एक केसाएवढी बारीक स्प्रिंग मागें खेंचून धरीत असते. म्हणून तो गरगर न फिरतां ओढ आणि स्प्रिंग यांचा समतोल होईल तेथपर्यंतच वळतो व थांबतो. प्याल्याच्या दांडीवर कांटा बसविला कीं झाला वेगमापक.

या यंत्राला एक गोष्ट मात्र कळत नाहीं. त्याला चाकाचे फेरे कळतात, रस्ता कळत नाहीं. टायर झिजून चाकाचा घेर कमी झाला कीं तेवढ्याच मैलाला फेरे अधिक पडतात आणि कांटा खऱ्याहून अधिक वेग दाखवितो. ही चूक सुरक्षित बाजूची. पण मूळच्याहून मोठा टायर चढविला तर उलट होतें : कांटा चाळीस दाखवीत असतां गाडी बेचाळीसनें जात असते. टायर बदलतांना केवळ माप 'बसतें' एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

वेगमापक सांगतो, आडवीत नाहीं. आडविण्याचें काम ज्या दुसऱ्या उपकरणाकडे असतें त्याचें नांव गव्हर्नर. हा शब्द वाचून कोणा वडिलांना मलबार हिलवरचे लाटसाहेब आठवतील; हा गव्हर्नर त्यांच्यापेक्षां पुष्कळच लहान, पण आपल्या राज्यापुरता तेवढाच कडक. वाफेच्या यंत्रावर जेम्स वॅट यानें १७८८ सालीं दोन गोळ्यांचा गव्हर्नर बसविला, त्याचाच हा वंशज. जिमीच्या इंजिनाला हवा-पेट्रोलचें मिश्रण जेथून मिळतें त्या कार्बुरेटरशीं तो जोडलेला असे. इंजिनाचे फेरे ठराविक मर्यादेला पोंचले कीं तो आंतली झडप आपोआप लोटून घेई. चालकानें पाय कितीहि दाबला तरी इंजिनाला घांस जास्त मिळत नसे.

मग पट्टीवर गिअरवार कोष्टक कशाला? याचें उत्तर घाटांत मिळतें. उतारावर दहा टनांचा ट्रक इंजिनाच्या जोरानें जात नाहीं. तो आपल्या वजनानें जातो आणि उलट चाकेंच इंजिनाला फिरवूं लागतात. गव्हर्नरानें झडप मिटली तरी वरून लोटणारें वजन कमी होत नाहीं. खालच्या गिअरमध्यें वेग चढूं दिला तर इंजिनाचे फेरे मर्यादेपलीकडे जाऊन तें फुटण्याची वेळ येते. तेथें गव्हर्नर असहाय असतो. उपयोगीं पडतो तो कांटा, कोष्टक आणि ब्रेकवरचा पाय. चढावर यंत्र माणसाला संभाळतें, उतारावर माणसानें यंत्राला संभाळावयाचें, अशी ही वांटणी होती.

ही वांटणी १९४४ सालीं फ्रान्समध्यें मोडली. जूनमध्यें दोस्त सैन्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलीं, जुलैच्या अखेरीस त्यांनीं जर्मन फळी फोडली आणि ऑगस्टमध्यें तीं इतक्या झपाट्यानें पूर्वेकडे निघालीं कीं मागून येणारा शिधा, दारूगोळा व पेट्रोल यांचा मेळ बसेना. फ्रान्समधील आगगाडीचे पूल व रूळ दोस्तांनींच विमानांतून बाँब टाकून मोडले होते. आपणच मोडलेल्या वाटेनें आपल्यालाच जावयाचें अशी गत झाली. तेव्हां २५ ऑगस्ट रोजीं, म्हणजे पॅरिस मुक्त झालें त्याच दिवशीं, 'रेड बॉल एक्सप्रेस' सुरू झाली. अमेरिकन रेल्वेंत सर्वांत निकडीच्या मालगाडीला हें नांव असे. सेंट-लो गांवापासून शार्त्रच्या बाजूस एक वाट जाण्यासाठीं व दुसरी परत येण्यासाठीं राखून ठेवली. दोन्ही वाटा इतर रहदारीस बंद. चारच दिवसांत, २९ ऑगस्टला, त्या वाटांवर सहा हजारांच्या जवळपास वाहनें धांवत होतीं आणि त्यांनीं एका दिवसांत बारा हजार टनांवर माल पोंचविला.

या ताफ्यांचे नियम कागदावर चोख होते. निदान पांच ट्रकांचा एक ताफा. पुढें-मागें एकेक जीप. दोन ट्रकांत ६० यार्ड अंतर. आणि वेग ताशीं २५ मैलांहून अधिक नाहीं. ज्या ट्रकाच्या पट्टीवर ४५ लिहिलें आहे त्याला २५ चें बंधन कां, याची फोड केली पाहिजे. २५ मैलांच्या वेगानें ट्रक सेकंदाला सुमारें ३७ फूट जातो. ६० यार्डांचें अंतर तोडण्यास त्याला पांच सेकंद लागतात. पुढचा ट्रक एकाएकीं थबकला तर मागच्या थकलेल्या चालकाला तेवढी सवड असते. पन्नासनें गेलें तर ती अडीच सेकंदांवर येते, आणि थांबवावयाची शक्ति चौपट झालेली असते.

शिवाय रांगेचा म्हणून एक स्वभाव आहे. आषाढीच्या वाटेवर दिंडीच्या शेंपटाला जे चालले असतील त्यांना तो ठाऊक आहे. पुढच्यांनीं घोटभर पाण्यासाठीं पाय रोखला कीं मागच्यांना खोळंबावें लागतें, आणि पुढचे चालूं लागले कीं अंतर भरून काढण्यासाठीं मागच्यांना अक्षरशः धांवावें लागतें. ट्रकांच्या रांगेंतहि म्होरक्या जेव्हां तीसनें जातो तेव्हां शेवटच्याला मधूनमधून पंचेचाळीस गांठावे लागतात. म्होरक्याचा वेग ट्रकाच्या कमाल वेगाच्या पुष्कळ खालीं ठेवावयाचा तो शेंपटाला ही जागा राहावी म्हणून.

नियम शहाणपणाचा होता. अडचण गणितांत होती. सैन्य पुढें सरकत गेलें तशी वाट लांबत गेली आणि जाऊन-येऊन फेरी सहाशें मैलांच्या घरांत पोंचली. २५ मैलांच्या वेगानें सहाशें मैल म्हणजे केवळ चालविण्याचेच चोवीस तास. भरणें, उतरविणें, पेट्रोल घेणें, झोंप यांचा हिशेब निराळा. इकडे रणगाडे पेट्रोलवांचून उभे. कागदावरचा हुकूम सांगे 'सावकाश', आणि ठाण्याठाण्यावरचा आवाज सांगे 'लौकर'. चालकांनीं आवाजाचें ऐकलें. त्यांनीं गव्हर्नर काढून टाकले. तपासणी असली कीं ते पुन्हां बसवीत, तपासणी झाली कीं पुन्हां काढीत. मग जिमी पन्नास-साठ मैलांनीं धांवूं लागले. पट्टीवरचा पंचेचाळीसचा आंकडा समोर होताच, पण त्याच्याकडे पाहतो कोण! ट्रक न थांबवितां दोन चालक चालत्या गाडींत जागा बदलीत असत. रात्रीं तर झांकलेल्या दिव्यांच्या मांजराच्या डोळ्यांएवढ्या उजेडांत पुढच्या ट्रकाच्या मागच्या दोन ठिपक्यांवर नजर ठेवून जावयाचें.

या चालकांविषयीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांच्यापैकीं सुमारें तीन-चतुर्थांश अमेरिकेंतील कृष्णवर्णी शिपाई होते. त्या काळीं त्यांच्या पलटणी वेगळ्या, भोजनशाळा वेगळ्या. लढाऊ तुकड्यांत त्यांना क्वचितच घेत आणि ओझीं वाहण्याच्या कामावर बहुधा लावीत. सैन्यांतील हा भेद मोडण्याचा हुकूम अध्यक्ष ट्रूमन यांनीं १९४८ सालीं काढला. ज्यांच्यावर लढण्याचा विश्वास टाकला नव्हता त्यांच्याच चाकांवर लढाई पुढें सरकत होती. गव्हर्नर काढला म्हणून त्यांना बेजबाबदार म्हणणारे अधिकारी तेव्हांहि निघाले असतील. आमचें मत तसें नाहीं. ज्या वरिष्ठांनीं वेळेचा तगादा लावला आणि वेगाचा हिशेब मागितला नाहीं, त्या वरिष्ठांकडे या दोषाचा मोठा वांटा जातो.

किंमत मात्र द्यावी लागलीच. अतिभार व अतिवेग यांनीं टायर फाटूं लागले. शिपायांनीं रस्त्यावर फेंकलेल्या शिध्याच्या डब्यांच्या कडांनीं त्यांत भर घातली. सप्टेंबरांत बदलाव्या लागलेल्या टायरांची संख्या पूर्वींच्या जवळजवळ दुप्पट झाली. इंजिनें जळालीं, गिअर तुटले, झोंपेच्या गुंगींत ट्रक खड्ड्यांत गेले. माल वाहणारे हे ट्रकच दिवसाकाठीं तीन लाख गॅलन पेट्रोल पिऊं लागले. १६ नोव्हेंबर रोजीं ही वाहतूक बंद झाली तोंपर्यंत त्र्याऐशीं दिवसांत चार लाख टनांवर माल पुढें गेला होता. काम झालें हें खरें. पण ज्या ट्रकांनीं तें केलें त्यांतले पुष्कळसे पुढें कामाचे उरले नाहींत हेंहि खरें.

त्याच युद्धांत आपल्या देशाच्या ईशान्य कोपऱ्यांत याच जातीच्या ट्रकांना नेमकी उलट परीक्षा द्यावी लागली. आसामांतील लेडोपासून पांगसाऊ खिंड ओलांडून चीनमधील कुनमिंगपर्यंत जो रस्ता काढला, त्यावरून पहिला ताफा १२ जानेवारी १९४५ रोजीं निघाला व ४ फेब्रुवारीला पोंचला. अंतर हजार मैलांहून थोडें अधिक. वाटेंत लढाईमुळें मुक्काम पडले ते धरून दिवसाला सरासरी पन्नास मैलहि पडत नाहींत. तेथें गव्हर्नर काढण्याचा मोह कोणाला होणार! तेथें दिवसचे दिवस खालच्या गिअरांत, वळणामागून वळण, कोष्टकावर डोळा ठेवून उतरावयाचें.

जितकें ओझें मोठें तितका आंकडा लहान, हें त्या काळच्या अवजड गाड्यांत स्पष्ट दिसतें. रणगाडा वाहून नेणारा अमेरिकन 'डायमंड टी' ट्रक आपला गाडा व त्यावरील रणगाडा मिळून पन्नास टनांवर भरे. त्याचा कमाल वेग ताशीं २३ मैल. इंग्रजांच्या 'स्कॅमेल पायोनियर'चा २४. म्हणजे चांगल्या सायकलस्वाराला शर्यत लावण्यासारखा! पुढें १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकन सैन्यानें साठ टनांवरचा अब्राम्स रणगाडा वाहण्यासाठीं एम-१०७० हा ट्रक घेतला. इंजिन पांचशें अश्वशक्तीचें, म्हणजे जिमीच्या पांचपट. आणि भरलेल्या स्थितींत कमाल वेग ताशीं ४५ मैल.

पट्टीवरचा आंकडा एकदां उमटला कीं तो कायमचा, असें मात्र नाहीं. अमेरिकेचे पांच टनी एम-९३९ ट्रक पन्नासहून अधिक मैलांनीं सहज जात. पण ओल्या सडकेवर जोरानें ब्रेक लावला कीं चाकें जागीं जखडून ट्रक गिरकी घेई. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षकांनीं १९९९ सालीं अहवाल दिला, त्यांत सैन्याच्या ताफ्यांतील या ट्रकांचा वांटा दहांत एकाहून कमी असतां बसणाऱ्यांचे प्राण घेणाऱ्या अपघातांत तो तिनांत एकाच्या आसपास असल्याचें दिसून आलें. सैन्यानें वेगाची मर्यादा ४० मैलांवर आणली व चाकें जखडूं न देणारे ब्रेक बसविण्यास घेतले. इंजिन तेंच होतें; हिशेब ब्रेकांचा होता.

सांगणें आणि आडविणें यांच्या जोडीस लिहून ठेवणें हें तिसरें काम आतां यंत्राकडे आलें आहे. टॅकोग्राफ नांवाच्या उपकरणांत मेण चढविलेल्या कागदाची चकती चोवीस तासांत एक फेरा करी आणि एक सुई तीवर वेग ओरबाडून ठेवी. चालक किती तास बसला व केव्हां विसांवला हेंहि तीवरून वाचतां येई. युरोपच्या सामाईक बाजारानें १९७० सालीं मालमोटारींना तो सक्तीचा केला. इंग्लंडांतल्या चालकांनीं त्याला 'केबिनमधला हेर' म्हणून विरोध केला व तो त्यांच्या गळीं उतरविण्यास १९७९ चा न्यायालयाचा निकाल लागला. २००६ पासून नव्या गाड्यांत चकतीच्या जागीं आंकडे सांठविणारें यंत्र आलें आहे. गंमत अशी कीं सैन्याच्या मालकीच्या व ताब्यांतल्या गाड्यांना युरोपच्या या कायद्यांतून सूट आहे. गरजेच्या वेळीं हिशेब थांबावा हें समजण्यासारखें आहे; पण नॉर्मंडीची हकीकत वाचल्यावर ही सूट वाचतांना आम्ही क्षणभर थबकलों.

आपल्याकडे २०१५ सालीं केंद्र सरकारनें नियम दुरुस्त करून बहुतेक व्यापारी वाहनांना वेगनियंत्रक सक्तीचा केला. मर्यादा ताशीं ८० किलोमीटर. शाळेच्या बसगाड्या, टँकर व डंपर यांना ६०. पुढें चाललेल्या मालमोटारीच्या पाठीवर हा आंकडा पुष्कळदां रंगविलेला असतो. तबकडीचा शेवटचा आंकडा विचारणाऱ्या मुलाला पुढच्या वेळीं तो वाचावयास सांगावा, आणि मग आपला कांटा त्या वेळीं कोठें आहे हें त्याचें त्यालाच पाहूं द्यावें.